इष्ट आणि आवश्यक

स्वप्ने हा काही प्रशासनावरील लेखनाचा विषय नव्हे. नस्तीवर स्वप्नाची नोंद घेता येत नाही आणि त्यावर कोणाचे अभिप्रायही मागविता येत नाहीत. तरीही गेल्या वैशाखात तिरुवलंचुळी येथे एका दुपारी पडलेल्या स्वप्नाविषयी आज लिहीत आहे. कारण त्या स्वप्नाचा शेवट एका जुन्या तपासणी अहवालापाशी झाला, आणि तो अहवाल माझ्याच हातचा होता.

तिरुवलंचुळी हे कुंभकोणमपासून थोड्या अंतरावरचे, स्वामिमलैच्या शेजारचे लहानसे गाव आहे. कावेरी येथे उजवीकडे वळण घेते, म्हणून हे नाव. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला या परिसरात पाऊल ठेवताच थोडे घरी आल्यासारखे वाटते. सतराव्या शतकात एकोजीराजांनी तंजावरला उभे केलेले मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले. सरफोजीराजांनी जोपासलेला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह आजही उभा आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून घरात मराठी बोलणारी कुटुंबेही आहेत. अशाच एका कुटुंबातील निवृत्त शिक्षकांकडे मी उतरलो होतो. त्यांची मराठी आपल्याला क्षणभर परकी वाटते आणि मग एकदम आजीची आठवण करून देते.

येथील कपर्दीश्वराच्या देवळात श्वेतविनायकाची लहानशी पांढरी मूर्ती आहे. समुद्रमंथनाच्या आरंभी देव गणेशपूजन विसरले, मंथन अडले, तेव्हा इंद्राने समुद्राच्या फेसातून ही मूर्ती घडविली, अशी कथा सांगतात. फेसाचीच मूर्ती, म्हणून तिला पाण्याचा अभिषेक होत नाही. भीमसेनी कापराचे चूर्ण तेवढे हलक्या हाताने लावतात. बाहेर अंगाची लाही करणारे ऊन, आणि गाभाऱ्यापाशी कापराचा तो थंड, नाकात शिरणारा वास. दर्शन घेऊन परतलो. यजमान म्हणाले, “आधी जेवा, मग स्वस्थ निजा.” ओसरीवरच्या गारेगार लादीवर मी आडवा झालो.

स्वप्नात मी गोठलेल्या सरोवरावर धावत होतो.

हे स्वप्न अगदीच निराधार नव्हते. पंचेचाळिशी ओलांडल्यावर मी धावू लागलो. प्रथम सकाळच्या फेऱ्या, मग मुंबईची अर्धमॅरेथॉन, मग साताऱ्याचा तो यवतेश्वराचा चढ. माणसाचे कोठेच समाधान होत नाही. लडाखमध्ये खारदुंग गावापासून लेहपर्यंत ७२ किलोमीटरची शर्यत होते, ती खारदुंग ला ही सतरा हजार फुटांहून उंच खिंड ओलांडून जाते, हे वाचल्यापासून माझ्या मनाने तेथेच मुक्काम ठोकला होता. पुढे २० फेब्रुवारी २०२३ रोजी पँगाँग सरोवराच्या बर्फावर लुकुंग ते मान अशी २१ किलोमीटरची शर्यत झाली आणि ७५ जण त्यात धावले, ही बातमी आली. त्या शर्यतीला ‘शेवटची धाव’ असे नाव दिले होते. हवामान असेच तापत राहिले तर या बर्फावर पुढे कोणाला धावता येणार नाही, असा त्यामागचा इशारा. निवृत्तीनंतर मी लडाखची तयारी सुरू केली. परंतु त्यासाठी तंदुरुस्तीचा दाखला हवा होता, आणि नेहमीच्या डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करून तो नाकारला. तंजावरच्या प्रवासाला निघालो तेव्हा मनात ती खंत होती. एक प्रकारे रुसूनच मी घराबाहेर पडलो होतो.

तर स्वप्नात मला कोणी नाकारले नव्हते. पायांखाली पांढरी, सपाट, अंत नसलेली भुई होती. पावलांचा आवाज होत नव्हता. श्वास मिशीवर गोठत होता, पण थंडी म्हणावी तशी वाजत नव्हती, आणि याचाच मला स्वप्नातही अभिमान वाटत होता. माझ्या बरेच पुढे धावपटूंची एक रांग होती. ते सगळे उंचीने लहान दिसत होते. अंतरामुळे तसे दिसत असेल, असे मी स्वतःला समजाविले. वाटेत बर्फावरच एक लाकडी टेबल मांडलेले होते, आपल्याकडे तहसील कचेरीत असते तसे, हिरवे कापड अंथरलेले. त्यावर नोंदवही उघडी होती आणि टेबलामागची खुर्ची रिकामी होती. धावपटू तेथे थांबत, इकडेतिकडे पाहत आणि कोणीच नाही म्हणून पुढे जात. मीही थांबलो. नोंदवहीत शर्यतीच्या अटी लिहिलेल्या होत्या. सातवी अट अशी होती: ‘उबदार कपडे सोबत असणे इष्ट राहील.’ खाली सही होती. ती वाकडी, घाईची सही मी लगेच ओळखली. दूरवर घोंगडी पांघरलेला एक मेंढपाळ हात हलवून कोणालातरी परत बोलावीत होता. त्या रांगेतल्या एकालाही ते ऐकू जात नव्हते.

जाग आली तेव्हा अंगावर घाम होता आणि दात वाजत होते.

त्या मेंढपाळाला मी आदल्याच रात्री गाडीत भेटलो होतो, म्हणजे त्याच्याविषयी वाचले होते. चीनच्या गांसू प्रांतात, बाइयिन शहराच्या हद्दीत, पीत नदीकाठच्या पाषाणवनात २२ मे २०२१ रोजी १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत झाली. सकाळी १७२ जण निघाले. वसंत ऋतू होता. बहुतेकांच्या अंगात आखूड विजारी आणि पातळ सदरे होते. जोराच्या वाऱ्याचा इशारा हवामान खात्याने आधीच दिलेला होता. दुपारच्या सुमारास दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकीच्या दरम्यान, जेथे चढ अतिशय तीव्र होता आणि वाहन पोचू शकत नव्हते, तेथे वादळी वारा, गारा आणि बर्फगार पाऊस यांनी त्यांना गाठले. २१ धावपटू गारठून मृत्युमुखी पडले. मृतांमध्ये देशातले नामांकित, अनुभवी धावपटू होते. एका मेंढपाळाने आपल्या निवाऱ्याच्या गुहेत शेकोटी पेटवून, गोधड्या पांघरून सहा जणांचे प्राण वाचविले. त्याच्यापाशी कोणताही अधिकार नव्हता. बाहेर कोणीतरी अडचणीत आहे हे त्याला दिसले आणि तो गुहेबाहेर आला, एवढेच.

या शर्यतीचे यजमानपद स्थानिक प्रशासनाकडे होते. चौकशी झाली, अनेक अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, देशभर अशा शर्यती थांबविण्यात आल्या. परंतु त्या साऱ्या वृत्तांतात एका तपशिलापाशी मी अडखळलो होतो. वारा अडविणारे जाकीट हे सोबत बाळगावयाच्या वस्तूंच्या सक्तीच्या यादीत नव्हते. ते शिफारशीच्या यादीत होते. म्हणजे असे जाकीट हवे, हे कोणाला सुचले नव्हते असे नाही. सुचले होते, लिहिलेही होते. फक्त ते ‘आवश्यक’ या शब्दाखाली न लिहिता ‘इष्ट’ या शब्दाखाली लिहिले होते.

आपल्या कार्यालयीन मराठीत या दोन शब्दांमधले अंतर फार सोयीचे आहे. ‘आवश्यक’ लिहिले की ते करवून घेण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. मुदत द्यावी लागते, मुदतीनंतर पुन्हा जावे लागते, न केल्यास परवानगी रद्द करावी लागते, मग शिष्टमंडळ येते, वरून दूरध्वनी येतो. ‘इष्ट’ लिहिले की यातले काही होत नाही. दोष दिसला, याची नोंद राहते, आणि तो दूर झाला नाही तर तो समोरच्याचा प्रमाद ठरतो. तपासणी अहवालात ‘इष्ट राहील’ हे शब्द पुष्कळदा दुसऱ्याच्या सुरक्षिततेसाठी लिहिलेले नसतात. ते लिहिणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी असतात.

अतिशीत प्रदेशातील धावेचे शास्त्र या बाबतीत फार स्पष्ट आहे. शरीराच्या आतले तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेले की माणूस गारठू लागतो. आरंभी तो थरथर कापतो, कारण स्नायू हलवून शरीर उष्णता निर्माण करीत असते. तापमान आणखी उतरले की थरथर थांबते. धावणाऱ्याला वाटते, आता बरे वाटू लागले. खरे म्हणजे धोका तेथून गंभीर होतो. बोलणे अडखळते, पावले चुकतात आणि विवेक मंदावतो. शेवटच्या अवस्थेत काही माणसे उकडते म्हणून अंगावरचे कपडे काढून टाकतात, अशी कित्येक उदाहरणे नोंदलेली आहेत. म्हणजे ज्या क्षणी थांबण्याची सर्वाधिक गरज असते, त्याच क्षणी थांबावे की नाही हे ठरविण्याची शक्ती धावपटूत उरलेली नसते. म्हणून चांगल्या शर्यतीत तो निर्णय त्याच्यावर सोडत नाहीत. ठराविक चौकीला ठराविक वेळेत पोचला नाही तर त्याला थांबवितात, डॉक्टर त्याच्या डोळ्यांत पाहतात, त्याने कितीही विनवण्या केल्या तरी क्रमांकाची पट्टी काढून घेतात. लडाखच्या शर्यतीसाठी काही दिवस आधी येऊन उंचीची सवय करून घ्यावी लागते, हेही त्यातलेच. अशा शर्यतीच्या व्यवस्थापनाचे मोल किती जणांनी शर्यत पुरी केली यावर ठरविता येत नाही. किती जणांना योग्य वेळी थांबविले, हेही मोजावे लागते.

माझ्या स्वप्नात थंडी वाजत नव्हती, हे येथे पुन्हा नमूद करतो.

आता त्या सहीविषयी. २००० साली मी महाराष्ट्रातील एका उपविभागात प्रांत होतो. जिल्ह्यातील खाजगी वसतिगृहांची महसूल अधिकाऱ्यांमार्फत तपासणी करण्याचे आदेश निघाले आणि माझ्या वाट्याला काही आली. त्यातल्या एका वसतिगृहात मी सायंकाळी उशिरा पोचलो. दिवसभराचा दौरा झालेला होता. मुलांनी स्वागतगीत म्हटले, संस्थाचालकांनी शाल दिली, नोंदवह्या नीटनेटक्या होत्या. मुले माळ्यावर निजत. माळ्यावर जाण्यास एकच शिडीवजा जिना होता. वरचे छप्पर गवताने शाकारलेले होते, आणि त्याच भिंतीला टेकून चुलीचे स्वयंपाकघर होते. जिना चढून वर जाण्याचा मला कंटाळा आला. खालूनच मी माळा पाहिला आणि अहवालात लिहिले: ‘स्वयंपाकघर निवासी भागापासून दूर हलविणे व छप्पर पक्के करणे इष्ट राहील.’ एकूण शेरा समाधानकारक दिला. वाक्य लिहून झाल्यावर कर्तव्य पार पाडल्याचे समाधानही वाटले, हे कबूल करणे भाग आहे. पुढे माझी बदली झाली.

१६ जुलै २००४ हा शुक्रवार होता. कुंभकोणमच्या कासीरामन रस्त्यावरील शाळेच्या इमारतीत सकाळी मध्यान्ह भोजनाचा स्वयंपाक चालू असता आग लागली. ती शाकारलेल्या छपराने धरली आणि छप्पर वरच्या मजल्यावरील वर्गांवर कोसळले. जिना अरुंद होता. ९४ मुले गेली. संध्याकाळी दूरचित्रवाणीवर ती दृश्ये पाहत असताना माझ्या मनात प्रथम आले ते दुःख नव्हते, हे लिहिताना आजही लाज वाटते. प्रथम आला तो एक हिशेब: चूल, गवत, एकच जिना. ते सगळे मी पाहिले होते. सगळे लिहिले होते. आणि चार वर्षांत काय झाले, हे मी एकदाही विचारले नव्हते.

त्या रात्री मी जुन्या उपविभागातील माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांना दूरध्वनी केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः गेले. स्वयंपाकघर जेथल्या तेथे होते. छप्पर तेच होते, गवत तेवढे नवे घातले होते. मुले माळ्यावरच निजत होती. माझा अहवाल नस्तीत व्यवस्थित लावलेला होता. त्याच आठवड्यात चुली अंगणापलीकडे हलविण्यात आल्या, माळा रिकामा झाला आणि मुले खालच्या पक्क्या खोल्यांत निजू लागली. खर्च म्हणाल तर नगण्य. चार वर्षांपूर्वीही तो तेवढाच आला असता. तेथे काही विपरीत घडले नाही, त्यामुळे मला कोणी काही विचारले नाही. स्पष्टीकरण मागविले गेले असते तरी माझ्यापाशी उत्तर होते. दोष मी निदर्शनास आणून दिला होता. माझी बाजू भक्कम होती.

ती भक्कम बाजूच मला पुढे वीस वर्षे टोचत राहिली. तिरुवलंचुळीला जाण्यापूर्वी त्या सकाळी मी कुंभकोणममध्ये उतरून कासीरामन रस्त्यावर गेलो होतो, तो त्यामुळेच. दर वर्षी १६ जुलैला त्या मुलांचे आईवडील तेथे येऊन दिवे लावतात. मी गेलो तो एरवीचा दिवस होता. रस्त्यावर नेहमीची रहदारी होती. मी काही वेळ उभा राहिलो आणि निघालो. स्वप्नातली ती लहान उंचीची रांग कोठून आली, हे सांगावयास नको.

कुंभकोणमच्या दुर्घटनेनंतर न्यायमूर्ती संपत यांचा चौकशी आयोग नेमला गेला. खटला दहा वर्षे चालला. २०१४ मध्ये तंजावरच्या न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरविले आणि अकरा जणांची मुक्तता केली. दरम्यान या दुर्घटनेमुळेच दाखल झालेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला, आणि सुरक्षित इमारतीत शिकणे हा मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानून शाळांतील अग्निसुरक्षेच्या अटी सर्व राज्यांवर बंधनकारक केल्या. साध्या भाषेत सांगावयाचे तर, जे ठिकठिकाणच्या अहवालांत ‘इष्ट’ होते ते ‘आवश्यक’ झाले. या एका शब्दबदलासाठी देशाने काय मोजले, हे आपण जाणतो.

दुपार कलल्यावर यजमान मला पुन्हा देवळात घेऊन गेले. श्वेतविनायकाच्या समोर दगडात कोरलेली एक जाळीची खिडकी आहे. लाकडाचीही वाटू नये इतकी ती नाजूक आहे. यजमानांनी सांगितले की, जुन्या काळी स्थपती देवळाच्या कामाचा करार करीत तेव्हा ‘तिरुवलंचुळीची जाळी वगळून’ बाकी काहीही घडवून देऊ, असे त्यात लिहीत, असे सांगितले जाते. खरेखोटे त्या विनायकाला ठाऊक. पण मला ते फार आवडले. जे करणार नाही ते आधी, उघडपणे, कराराच्या कागदावर लिहावयाचे. ‘जाळी करून देणे इष्ट राहील’ असे त्या कारागिरांनी लिहिले नाही.

याच देवळातली दुसरी कथा हेरंड मुनींची आहे. उजवीकडे वळलेली कावेरी एका विवरात लुप्त झाली, पुढचा मुलूख कोरडा पडला. राजाने किंवा ऋषीने त्या विवरात उतरावे तेव्हाच नदी वर येईल, असे ठरले. मुनी उतरले आणि कावेरी पुढे वाहू लागली. लहानपणी अशा कथांतला त्याग तेवढा दिसतो. परतताना मला वाटले, प्रशासनात कोणी असे आत्मसमर्पण मागत नाही. फार तर एक जिना चढून वर जावे, एवढेच मागते. त्या सायंकाळी मी तेवढेही केले नव्हते.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. डॉक्टरांनी दाखला नाकारला तेव्हा मी त्यांच्याशी बराच वाद घातला होता. शेवटी तडजोड म्हणून सुचविले की, ‘शर्यतीस अपात्र’ असे न लिहिता ‘इतक्या उंचीवर धावणे टाळणे इष्ट’ असे लिहावे. आयोजकांचे काय करावयाचे ते मी पाहून घेईन. ते हसले नाहीत. म्हणाले, “साहेब, तसे लिहिले तर तुम्ही जाल.” आणि त्यांनी ‘अपात्र’ असेच लिहिले. तो कागद मी रागाने घडी करून पाकिटात ठेवला होता.

देवळातून परतल्यावर यजमानांना स्वप्न सांगितले. त्यांनी विचारले, “मग शर्यत पुरी केलीत?” मी म्हणालो, “नाही. मध्येच जाग आली.” ते म्हणाले, “बरे झाले.” रात्रीच्या गाडीत पाकीट उघडून तो दाखला मी पुन्हा वाचला. डॉक्टरांची सही स्वच्छ होती, खाली तारीख होती आणि नोंदणी क्रमांकही होता.